उकंडराव मास्तरांची आठ वाक्यं

धाड गावच्या शाळेत उकंडराव मास्तर एकोणीस वर्षं सातवीला मराठी शिकवत होते, आणि त्यांतली निदान अठरा वर्षं त्यांनी एकही कविता वाचली नव्हती. गरजच नव्हती. कवितेच्या रसग्रहणाची आठ वाक्यं त्यांनी कधीकाळी बसवली होती, ती कुठल्याही कवितेला चालत. 'प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे मनोहर चित्र रेखाटले आहे' ही सुरुवात, आणि 'अशी ही कविता मनाला चटका लावून जाते' हा शेवट. दिवाळीनंतर मास्तर ही वाक्यं वहीत उतरवून देत, महिनाभर घोकून घेत आणि मग तंबाखू मळायला मोकळे होत. पोरं खूश, पालक खूश, मार्क बक्कळ.

चौसष्ट साली मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले आणि मास्तरांना त्या खुर्चीची आस लागली. फेब्रुवारीत तपासणीला येणाऱ्या साहेबांनी चांगला शेरा मारला की खुर्ची आपली, असा त्यांचा हिशेब. नाही मारला, तर गणिताचे अर्जुनराव टपून बसलेलेच होते. मास्तरांनी संक्रांतीच्या आतच पुस्तकातल्या सोप्या कवितेचं रसग्रहण वर्गाकडून सात वेळा लिहून घेतलं.

साहेब पुण्याकडचे निघाले आणि वर खडूस. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर आपल्या मनानं एक कविता लिहिली: पहाटे जात्यावर बसलेली बाई, तिची किणकिणणारी कांकणं, तिचा आनंद. "करा रसग्रहण," म्हणाले. मास्तरांची पाचावर धारण बसली. पण पोरांनी न अडखळता माना खाली घालून लिहायला घेतलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

साहेबांनी पहिली वही वाचली. दुसरी वाचली. पाचवीला चष्मा काढला.

"यात निसर्ग कुठे आहे?"

पहिल्या बाकावरून आवाज आला, "गुर्जीनं सांगतला हाये ना, सायेब."

मास्तरांना खुर्चीवर बसलेले अर्जुनराव दिसायला लागले.

शेवटची वही कोकिळेची होती. ही पोर आई तानाबाईबरोबर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बीबी गावाकडे कापूस वेचायला गेली होती, म्हणून आठ वाक्यं तिला मिळालीच नव्हती. नाइलाजानं बिचारीला कविता वाचावी लागली. तिनं लिहिलं होतं:

'कवी म्हणतो, कांकणे वाजतात. दळताना माझी आई बांगड्या वर सारून चिंधी बांधते, नाहीतर त्या फुटतात. म्हणून मला वाटते, कवी तेव्हा अंथरुणात होता. बाई आनंदात आहे असे तो सांगतो, पण तिचे तोंड कवितेत एकदाही दिसत नाही.'

साहेब मोठ्यानं हसले. "हे तुला कुणी शिकवलं, बाळ?"

"कोनीच नाही, सायेब. मी तं तवा..."

"मीच!" मास्तर मधेच ओरडले. "स्वतंत्र विचार, साहेब! माझा पहिल्यापासून तोच आग्रह आहे." चाळीस सारख्या वह्या समोर पडलेल्या असताना हे म्हणायला छाती लागते, आणि ती मास्तरांकडे होती. साहेबांना दुपारची एसटी गाठायची होती. त्यांनी वाद घातला नाही. 'स्वतंत्र विचारास उत्तेजन देणारे शिक्षक' असा शेरा मारला आणि गेले.

मार्चमध्ये खुर्ची मिळाली. मास्तरांनी लगेच वर्गाला नववं वाक्य उतरवून दिलं: 'तथापि कवीने ही गोष्ट स्वतः पाहिलेली दिसत नाही.' स्वतंत्र विचार आता सगळ्यांनी पाठ करायचा होता.

एप्रिलच्या वार्षिक परीक्षेला म्हातारा बैल विकायला नेणाऱ्या माणसाची कविता आली. पेपर दुसऱ्या शाळेतून आलेला, तपासायला मात्र मास्तरच. चाळीस जणांनी नऊ वाक्यं लिहिली. कोकिळेनं लिहिलं होतं, 'माणूस रडला असे कवी कुठेच म्हणत नाही. तो वाटेत तीनदा पटका सोडून बांधतो, एवढेच म्हणतो. बाजार जवळ येऊ नये म्हणून तो थांबतो आहे, हे त्यावरून कळते.'

मास्तरांनी नव्या खुर्चीत बसून हे वाचलं. मग प्रश्नपत्रिका काढली आणि कविता वाचली. लहानपणी ते वडिलांबरोबर असाच एक बैल घेऊन धाडच्या बाजाराला आले होते. वडील रस्ताभर बोलले नव्हते. पोरीचं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ते त्यांना चांगलं कळलं.

पण तिला पैकीच्या पैकी द्यायचे, तर बाकीच्या चाळिसांना काय द्यायचं? आणि जूनपासून वर्गात रोज कविता वाचत बसायचं? मास्तरांनी लाल शाईत टाक बुडवला. 'नववे वाक्य नाही. दहापैकी तीन.' कोकिळा मराठीत दोन मार्कांनी नापास झाली.

ती पेपर घेऊन त्यांच्या खोलीत आली.

"गुर्जी, ह्या कवीनं तं सारं पाह्यलं हाये. मंग त्यानं पाह्यलं नाही, असं मी काऊन लिहू?"

"सारे लिहितेत म्हनून," मास्तर म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता त्यांनी पुढचा पेपर ओढला.