राखायला दिलेला निधी

पवनीकडच्या आमच्या गावात मासेमारांची सहकारी संस्था होती आणि बाबा तिचे अध्यक्ष. तलावातल्या मासळीच्या विक्रीतून दर वेळी थोडा पैसा बाजूला पडायचा. हात थकल्यावर सभासदाला दरमहा काही मिळावं, एवढाच त्यामागचा विचार. ऐंशी सालानंतर कधीतरी संस्थेने तो निधी नागपूरच्या एका खासगी कंपनीकडे ठेवला. करार लांब मुदतीचा होता. आधी बाहेर पडलं तर मोठी कपात. बाबांनी ती अट सभेत मोठ्याने वाचली होती, पण तेव्हा बाहेर पडायचं कुणाच्या मनातच नव्हतं.

मग शेजारच्या काकाजींचा खांदा निकामी झाला. त्यांना जाळं ओढवेना. निधीतून पहिले पैसे त्यांनाच मिळायचे होते, पण ते येईनात. बाबा नागपूरला चकरा मारायचे आणि ‘पुढच्या महिन्यात’ ऐकून परतायचे. शेवटी त्यांनी करार मोडायचं ठरवलं.

हे कळताच कंपनीचा साहेब आमच्या घरी आला. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते. चहा पिता पिता तो म्हणाला, “पोरगी शिकलेली आहे. आमच्या ऑफिसात लावून घेऊ. तुमचा हिस्साही बिनकपातीचा देऊ. फक्त संस्थेला थांबवा.”

चुलीपाशी बसल्या बसल्या मी नागपूरला पोचलेसुद्धा!

“हा पैसा माहा नाही जी,” बाबा म्हणाले. “लोकायनं मले राखायले देल्ला आहे. मी एकटा कसा निघू?”

साहेब गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “राग आला काय?”

“आला.”

“मलेही वाईट वाटून राहिलं,” ते म्हणाले. पण शब्द फिरवला नाही.

पुढच्या आठवड्यात सगळी संस्था एसटीने नागपूरला गेली, बायकासुद्धा. मीही गेले. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा आम्ही फरशीवर बसलो. साहेबाने कपातीच्या अटीवर बोट ठेवलं.

“अट आम्हाले माहीत आहे,” बाबा म्हणाले. “पण या काकाजीचे पैसे तुम्ही काहून नाही देल्ले? करार आधी कोणं मोडला?”

काकाजींनी हात वर करून दाखवला. तो खांद्याच्या वर जाईना. साहेब आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. संध्याकाळपर्यंत कपात अगदी थोडी उरली. ती आम्ही सोसली.

निधी मग सहकारी बँकेत गेला. व्याज कमी म्हणून काही जण कुरकुरले. ती कंपनीही पुढे बरीच वर्षं चालली, हे खरं. बाबांनी कुरकुर ऐकून घेतली. काकाजींना मात्र दरमहा पैसे मिळू लागले.

त्या दिवशी नागपूरहून परतताना एसटीत बायकांच्या गप्पांना ऊत आला होता. समोरच्या एका अनोळखी बाईने मला विचारलं, “तो खिडकीजवळ झोपलेला माणूस कोण आहे वो? सगळ्या त्याच्याबद्दलच बोलून राहिल्या.”

“माहे बाबा,” मी म्हणाले. इतक्या मोठ्याने, की कंडक्टरनेही वळून पाहिलं.