तांब्याच्या टाकीची फटफटी

आमचं गाव चौलच्या अंगाला, नारळी-पोफळीच्या वाड्यांत. तिथून अलिबागचा दवाखाना चार-पाच कोस. त्या रस्त्यावर, अक्षीच्या जरा अलीकडे, आमची मुलगी बैलगाडीत गेली. पाच वर्षांची होती.

आमचे हे पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी बसऱ्याला होते. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही. तिथं लष्कराच्या मोटारी आणि फटफट्या दुरुस्त करायचा कारखाना होता, त्यात ते फिटर होते. परत आल्यावर रेवदंड्याच्या भातगिरणीत इंजिनावर लागले. बोलणं मुळातच कमी, त्यात दिवसभर इंजिनाच्या धडधडीत असल्यामुळे घरी आल्यावर नुसते ओटीवर बसून राहायचे. मुलगी मात्र त्यांच्या खांद्यावर चढून कानात काहीबाही सांगत असायची आणि हे हसायचे. ती काय सांगते ते मला कधी कळलं नाही.

तिला पहिल्या दिवशी ताप आला. दुसऱ्या दिवशी घसा धरला. दुपारी हे गिरणीतून मुद्दाम घरी आले, दारातच उभे राहून म्हणाले, "गाडी जुपू काय? अलिबागेस नेऊ."

मी म्हटलं, "आत्ताच डोळा लागलाय तिचा. वैद्यांची मात्रा लागू पडतेय. उद्या बघू."

ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि परत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा श्वास करवतीसारखा वाजू लागला. गाडी जुपली. पोर ह्यांच्या पाठीला बिलगून बसली होती, मी मागं. आमच्या जोडीतला एक बैल म्हातारा होता, चढ आला की थबकायचा. अक्षीजवळ ह्यांनी गाडी उभी केली. मला वाटलं, पोरीला पाणी हवं असेल. मी लोटा घेऊन जवळच्या वाडीतल्या विहिरीवर गेले. परत आले तेव्हा तिला मांडीवर घेऊन हे बैलांकडे बघत बसले होते. काही विचारायची गरज पडली नाही.

दहाव्याला घर माणसांनी भरलं होतं. सासूबाईंनी सगळ्यांसमोर ह्यांना म्हटलं, "आदल्या दिवशीच न्यायला पायजे व्हती. त्या गिरणीपायी पोर घालवलीस."

ह्यांनी मान खाली घातली. "व्हय, चुकलं," एवढंच म्हणाले.

मी भिंतीला टेकून बसले होते. 'ते विचारायला आले होते, मीच नको म्हटलं,' हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. मी ते गिळले. वाटलं, उद्या सांगेन. दुसऱ्या दिवशी ते आणखी जड झाले, महिन्याभरानं त्याहून जड. गावानं ह्यांना बोल लावला, मी लावू दिला. आणि खरं सांगायचं तर, काही दिवसांनी मलाच वाटायला लागलं की चूक ह्यांचीच होती.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर ह्यांनी परसात माड तोडून ठेवले होते ती जागा मोकळी केली आणि तिथं एक सांगाडा आणून टाकला. मिठागराच्या कचेरीवरचा कुणी गोरा साहेब फटफटीवरून पडला होता. ती मोडकी फटफटी कचेरीच्या मागं कितीतरी वर्षं पडून होती, तिच्यात कोंबड्या बसायच्या. इंजिन कुणीतरी आधीच काढून नेलं होतं. ह्यांनी तो सांगाडा राखेनं घासला, वाकलेला दांडा लोहाराकडून तापवून सरळ करून घेतला.

मग महिन्यातनं एकदा हे मचव्यानं मुंबईला जायला लागले. लष्करानं मोडीत काढलेलं सामान तिथल्या भंगारवाल्यांकडं ढिगानं पडलेलं असे. कधी गोणीत गुंडाळलेलं चाक, कधी साखळी, कधी नुसता एक दांडा घेऊन यायचे. इंजिन आलं ते तीन खेपांत, तुकड्यातुकड्यानं. तुकडे एकाच यंत्राचे नव्हते. एकाचं दुसऱ्यात बसेना, मग हे कानशीने घासत बसायचे. गिरणीतून आले की जेवण होईपर्यंत तो कानशीचा आवाज चालू. पुढचं चाक मागच्यापेक्षा बोटभर मोठं होतं, ते तसंच बसवलं. पेट्रोलची टाकी काही केल्या मिळेना. तेव्हा रेवदंड्याच्या तांबटाकडे गेले. तो म्हणाला, "मी घागरी घडवतो, हंडे घडवतो. हे काय असतं?" ह्यांनी त्याला मातीचा नमुना करून दाखवला. त्यानं तांब्याची टाकी ठोकून दिली, तिच्यावर हंड्यावर असतात तसे मठारकामाचे ठोके उमटलेले.

बाजूला माणूस निजवता येईल अशी पेटी हवी होती. ती खाडीवरच्या होड्या बांधणाऱ्या सुतारानं केली. त्याला होडीशिवाय दुसरा आकार येत नव्हता. त्यानं सागाच्या फळ्या वाकवल्या, सांध्यांत कापूस आणि राळ ठासली, बाहेरून तेल दिलं. गावातली माणसं बघायला यायची. "समुद्रात घालणार का रस्त्यावर?" असं विचारून हसायची. हे हसण्यावर रागवायचे नाहीत, हातातलं काम चालू ठेवायचे.

दोन वर्षं गेली यात. मी त्या बाजूला फिरकले नाही. पेटी केवढी आहे ते दुरून दिसत होतं. पाच वर्षांचं मूल तिच्यात सहज आडवं झालं असतं, शेजारी आईला बसायलाही जागा राहिली असती. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता कशाला? कुणासाठी?

पहिल्यांदा चालू झाली तेव्हा वाडीतले कावळे उडाले आणि शेजाऱ्यांची गाय दावं तोडून पळाली. मी चुलीपुढून उठले नाही.

मग ती फटफटी लोकांच्या कामाला यायला लागली. माडावरून पडलेला भंडारी, अडलेली बाळंतीण, पायात माशाचा काटा घुसलेला कोळी, कुणीही. माणूस धावत यायचा, हे गिरणीच्या मालकाला हात करून निघायचे. हसणारी माणसं हात जोडायला लागली. मी मात्र कधी बसले नाही. एकदा माहेरी निघाले होते तेव्हा म्हणाले, "सोडतो नागावपातूर." मी म्हटलं, "माझे पाय धड आहेत." आणि चालत गेले. ते फाटकापाशी किती वेळ उभे होते, मागं वळून पाहिलं नाही म्हणून सांगता येत नाही.

अशी तीनेक वर्षं गेली असतील. एक दिवस सकाळी पलीकडच्या वाडीतला माणूस आपल्या तीन वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून आला. त्याची बायको सहा दिवसांची बाळंतीण होती, तिला उठता येत नव्हतं. मुलाचा श्वास मी अंगणातून ऐकला. तोच आवाज. करवतीसारखा.

हे फटफटीपाशी गेले. बापानं मूल पेटीत ठेवलं, पण ते एकटं राहीना, उठून बसायला बघे. बाप म्हणाला, "वयनी, तुमी धराल काय?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी पदर खोचला आणि पेटीत बसले. मूल मांडीवर घेतलं. बाप मागं बसला.

ती फटफटी किती जोरात जाते ते मला तेव्हा कळलं. माड मागं पळत होते, धूळ दातांत येत होती, गाडीवाले बैल बाजूला घेत होते. अक्षी आली आणि गेली. मला वाटलं होतं तिथं माझं काळीज थांबेल, पण नीट बघायलाही वेळ मिळाला नाही. मी मुलाच्या कानाशी "आलं, आलं, पोचलो" असं म्हणत होते. आणि मनात, पहिल्यांदाच, मला वाटलं की हे मूल वाचणार. ह्यांनी बांधलेलं यंत्र ह्याला वाचवणार.

पोचलो तेव्हा मूल डोळे उघडून बघत होतं. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. त्यांच्याकडून होईल ते सगळं केलं त्यांनी, मी बघितलं. दुपारी ते गेलं.

बाप पायरीवर बसून राहिला. डॉक्टर हात पुसत बाहेर आले, तेव्हा हे त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, आमची पोर गेली ती ह्याच दुखण्यानं. बैलगाडीत. येक दिवस आधी आनली असती तर? ह्या गाडीनं आनली असती तर?"

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, ह्या घटसर्पावर टोचायचं औषध आहे, पण ते इथं नाही, मोठ्या शहरात. आणि तिथंही पहिल्याच दिवशी दिलं तर. तुम्ही उडत आला असतात तरी मी काही करू शकलो नसतो."

त्यांनी ते समजूत घालायला म्हटलं. हे ऐकून ह्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. पाच वर्षं जिच्यावर उभे होते ती जमीनच जणू कुणी काढून घेतली.

परत येताना बाप मुलाला घेऊन पेटीत बसला आणि मी ह्यांच्या मागं. बाईमाणसाला असं बसलेलं तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. रस्त्यावरची माणसं पेटीत बघायची आणि डोक्यावरची टोपी काढायची. हे इतकं हळू चालवत होते की मध्येमध्ये इंजिन बंद पडत होतं.

तीन दिवस ह्यांनी फटफटीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी परसात तिच्यापाशी बसलेले दिसले. मी गेले, शेजारी बसले आणि म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही विचारायला आला होतात. मी नको म्हटलं. मी कुणाला सांगितलं नाही."

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "मी दारात व्हतो ना."

"मग आईंना का नाही सांगितलंत?"

"तुला काय उरलं असतं गं मग?"

मी रडले. ह्यांनी रडू दिलं. मग आपणहून म्हणाले, "अक्षीला गाडी पाण्यासाठी न्हाय थांबवली मी. पोरगी माझ्या कानात म्हनाली, बाबा, बैल दमले, थांबव. म्हनून थांबवली. तू गेलीस विहिरीवर, नि मग ती बोललीच न्हाय. मला रोज वाटायचं, तिचं ऐकलं नसतं, हाकली असती तर पोचलो असतो."

मी त्यांचा हात धरला. इंजिनाच्या तेलानं काळा झालेला हात, कितीही धुतला तरी न निघणारा. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण परसात उघड्यावर असा हात मी कधी धरला नव्हता.

सासूबाईंना मी पुढच्याच आठवड्यात सांगितलं. त्या तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी सांगितलं न्हाईस तेच बरं. मी तुला जगू दिलं नसतं." मग ह्यांना हाक मारायला सांगितलं. ते आत गेले, मी बाहेर थांबले. मायलेकांत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

फटफटी त्यानंतरही चालली. बोलावणं आलं की हे जायचे, माणूस दवाखान्यात सोडायचे आणि थांबायचे नाहीत, लगेच परतायचे. पूर्वी एखादा सुटा भाग झिजला की मुंबई गाठायचे. आता तारेनं बांधून भागवायचे. पुढं त्या रस्त्यावर मोटारी चालू झाल्या, लोक मोटारीनं जायला लागले. एका पावसाळ्यात इंजिनात पाणी शिरलं ते शिरलंच. ह्यांनी उघडून बघितलं नाही. पेटी तो सुतारच घेऊन गेला, फळ्या चांगल्या होत्या म्हणून.

एक गोष्ट मात्र बदलली. जेवताना, वाडीला पाणी लावताना हे पोरीबद्दल बोलायला लागले. ती कशी चिंचेला घाबरायची, कशी बोंबील उचलून मांजराला घालायची. खांद्यावर बसून कानात काय सांगायची तेही सांगितलं. काही विशेष नव्हतं. शेजारणीनं आज काय रांधलंय ते सांगायची.

हे गिरणीतच गेले, दुपारची भाकरी खाऊन भिंतीला टेकले होते. सासूबाई त्याच्या आधी. आता गावात आमच्या पोरीला पाहिलेलं, तिचा आवाज ऐकलेलं माणूस मी एकटीच आहे.