डब्याची डावी चाकं

टायर निवडेल त्यानं पहिल्या प्रवासाला त्याच टायरच्या वर बसायचं, असा आमच्या मालकांचा नियम होता. मालक वडूजचे. जत्रेत त्यांचा आकाशपाळणा असायचा आणि पाळण्यामागं आमचा डबा. डबा म्हणजे चार चाकांवरची पत्र्याची खोली. ट्रॅक्टरला जोडून ती एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला न्यायची. आत स्टोव्ह, पिठाचं पिंप, भांड्यांची लोखंडी मांडणी. डावीकडं मावशींचं अंथरूण, मधे पडदा, उजवीकडं माझं. बाकीची माणसं पाळण्याखाली झोपायची. मावशी आमचा सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या. पहिल्याच हिवाळ्यात मला कावीळ झाली तेव्हा मावशीच मालकांना म्हणाल्या होत्या, "आवं, मरंल की त्ये पोरगं गारठ्यानं. आत घ्या त्येला." बरा झालो तरी मी आतच राहिलो.

मी हिंगोलीकडचा, शाळा सातवीत सोडलेला. इकडं मला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा मालकांनी कामाला ठेवलं, हे उपकार मी विसरलेलो नाही. ते मला 'मराठवाड्या' म्हणत. नावानं हाक मारलेली आठवत नाही.

पावसाळाभर डबा वडूजबाहेर रस्त्याकडेला उभा असायचा. त्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेला मी चाकांना जळकं ऑइल चोळलं. आमच्यात सगळेच चोळतात, टायर काळंभोर दिसतं. ऑइल दोनच चाकांना पुरलं, म्हणून रस्त्यावरून दिसणारी डावी दोन केली. मालक बघून थांबले. "आयला, नवी बसवली का रं? लय झकास!" चार वर्षांतली ही एकच शाबासकी. कितीतरी दिवस मी ती मनात घोळवत होतो.

औंधची जत्रा उरकली आणि शिराळ्याकडं निघायचं ठरलं. उजव्या चाकांच्या भेगांत खिळा जात होता. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन बदलायची, चार न्हाईत. कुटली दोन ते तू ठरव. पन वर बसायचं हाय, ध्यानात ठेव." माणसं हसली. मी अर्थातच उजवी ठरवली, काढली आणि नमुन्याला घेऊन सांगलीला गेलो.

दुकानदार जैन होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी टायरवर अंगठा फिरवला.

"ओढायच्या गाडीची दिसत्यात. झिजलेली न्हाईत बघ, वाळल्यात. असली गाडी पळती कमी, उभी जास्त. नक्षी तशीच ऱ्हाती आणि रबर मरतं."

मग टायरच्या अंगावरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मी वाचले. टायर नऊ वर्षांचं होतं.

"उरलेली दोन ह्याच्याच बरोबरची?"

"हो अण्णा, पण ती चकाचक आहेत. दसऱ्याला ऑइल मारलंय मी."

अण्णांचा अंगठा थांबला. "रबराला ऑइल? अरे, खातंय ते रबर. आणि भेगा झाकतंय वरनं. ही राहिली असती एकवेळ, ती आधी फुटतील. मालकाला फोन लाव."

मी दुकानाबाहेर येऊन फोन लावला.

"घेतली का रं?"

"घेतली मालक. भरपूर वजन पेलणारी, साध्या नक्षीची."

"अण्णा काय म्हंतोय आनि?"

"काही नाही."

सांगितलं असतं तर ती शाबासकी गेली असती, आणि मीही. एक बोल्ट विसरला म्हणून त्यांनी एकाला भर जत्रेतून हाकललं होतं. हे कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. त्याच्या खाली दुसरं कारण होतं. माझी बसायची जागा उजवीकडं होती. मला मालकांच्या त्या नियमाचे उपकार वाटले.

सकाळी निघालो. मावशी त्यांच्या बाजूला पाय पसरून लसूण सोलत बसल्या. मी पत्र्याला धरून प्रत्येक खड्डा मोजत होतो.

"भ्यालास व्हय रं?" त्या हसल्या. "तुजी तर नवी हायत. मी न्हाई का बसले जुन्यावर?"

'मावशी, इकडं या.' एवढंच म्हणायचं होतं. कराड येऊन मागं पडलं, तरी मी म्हणालो नाही.

आवाज गावठी बॉम्बसारखा झाला. डबा डावीकडं बसला, मांडणी सुटली आणि भांड्यांसकट त्यांच्या कमरेवर पडली. लसूण माझ्या पायापर्यंत घरंगळत आला. मला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मालक ट्रॅक्टरवरून उतरून आले. आधी उजव्या चाकांना लाथ मारून बघितली. "तुजी बेस निघाली रं मराठवाड्या!" मग आत डोकावले. "म्हातारीला काय झालं?"

कराडच्या दवाखान्यात खुबा मोडल्याचं कळलं. मालकांनी मावशींची पेटी खाटेखाली सरकवली. "जत्रा काय थांबत न्हाई, मावशे. भाच्याला फोन केलाय तुज्या, यील त्यो." मावशींनी मान हलवली आणि माझा हात धरून नर्सला म्हणाल्या, "ह्येनं निवडलेली न्हाई फुटली बरं का, बाई. पोरगं लय हुशार हाय. चारी ह्येच्याच हातनं घ्याय पायजे हुती."

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्या कळवळल्या.

"आता डावी पन तूच निवड," बाहेर आल्यावर मालक म्हणाले. "तुजा हात चांगला हाय."

कराडातच निवडली. आधी आकडे वाचले, मग घेतली. नियमाप्रमाणं दुपारी डावीकडं, मावशींच्या अंथरुणावर बसलो. गोधडीला लसणाचा वास होता. टायरं नवी, डबा जरासुद्धा हलत नव्हता. शिराळा येईपर्यंत मला गाढ झोप लागली.