छापा पडला तर संपाच्या विरुद्ध

वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून या, असं कुणी म्हटलं की मी लांबूनच हात का जोडतो, विचारताय ना? मग ऐका. पण आधी चहा सांगा, कडक. आणि मध्येच 'जाऊ द्या हो मास्तर' म्हणून माझी समजूत घालू नका. शुद्ध गाढवपणा होता, आणि तो माझा होता.

मी तेव्हा नवा नवा मास्तर. पुण्याहून बी. ए. होऊन सोलापुरातल्या हायस्कुलात इतिहास शिकवायला लागलेला, तोही हंगामी. नोकरी पक्की व्हायचा पत्ता नाही आणि डोक्यात मात्र अख्खी विलायतेची पार्लमेंट! एकदा मॅट्रिकच्या वर्गाला विचारलं, "लोकशाही म्हणजे काय रे?" सगळ्या वर्गानं पाढे म्हणावेत तशी पुस्तकातली व्याख्या म्हटली. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, उद्याचे नागरिक हे! यांना स्वतःचं मत मांडता यायला हवं, दुसऱ्याचं ऐकून घेता यायला हवं. वादविवाद ठेवायचा, ठरलं!

हेडमास्तरांनी विचारलं, "विषय काय घेताय?"

"गिरणी कामगारांनी संप करावा की करू नये."

हेडमास्तरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "अहो, वेड लागलंय का? लेखणी श्रेष्ठ की तलवार, हा घ्या की! आजवर कुणी मेलं नाही त्यानं. मॅनेजरसाहेब अध्यक्ष म्हणून येणार आहेत, ठाऊक आहे ना?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. गावात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. संप करायचा की नाही ते येत्या रविवारी कामगारांच्या सभेत ठरायचं होतं, आणि गिरणीचे मॅनेजरसाहेबच आमच्या शाळेच्या कमिटीचे चेअरमन. पण मी ऐकतोय होय? म्हटलं, साहेबांनाही दोन्ही बाजू कळतील!

बाजू कशा वाटायच्या? आमच्या कॉलेजात पद्धत होती, छापा-काटा करायचा. जी बाजू येईल ती पटो न पटो, जीव तोडून मांडायची. त्यानं म्हणे बुद्धी निःपक्षपाती होते. मी वर्गात ऐटीत खिशातला आणा काढला. राजाचं तोंड वर, म्हणजे छापा पडला तर संपाच्या विरुद्ध. काटा पडला तर संपाच्या बाजूनं.

नरसय्याला छापा पडला. हा माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी, तेलुगू विणकराचा मुलगा. बाप मल्लय्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, आणि संपाचा पुढारी होता! दिगंबरला पडला काटा. त्याचा बाप जॉबर, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारा साहेबांचा माणूस. बघा माझा हातगुण!

नरसय्या उठला. "सर, बाजू बदलून द्या की. वडील रोज चाळीचाळीतनं फिरून संप करा म्हणून सांगायलेत. मी उलटं कसं बोलू?"

"अरे, तीच तर मजा आहे! माणूस वेगळा, मत वेगळं. विलायतेत असंच शिकवतात."

"पण सर, हे सोलापूर हाय."

मी हसलो. काय हसलो मी तेव्हा!

छापा कुणाला पडलाय हे कळल्यावर हेडमास्तरांचा चष्माही वर गेला. "असं होय? मग घ्या, घ्या. चांगला विषय आहे."

शनिवारी दुपारी हॉल गच्च. पुढं मॅनेजरसाहेब, मागं पालक, त्यांच्यात फेटा बांधून आलेला मल्लय्या. बाजू छापा-काट्यानं ठरल्यात हे आधी सांगायला नको का? कुणीही सांगेल! मला वाटलं, सांगितलं की रंगत जाते. रंगत!

नरसय्या बोलायला उभा राहिला. मागच्या संपात आमच्या घरी चूल पेटत नव्हती, म्हणाला. आई शेजारणीकडं पीठ मागायला जायची तेव्हा पदरात तोंड लपवायची, म्हणाला. "आणि पुढारी त्या वेळी सभेत टाळ्या घेत होते!"

सगळ्यात आधी टाळी कुणी वाजवली असेल? मी!

मल्लय्या खाली मान घालून बाहेर गेला. दिगंबर तर नरसय्याहून वरचढ. 'घाम आमचा आणि बंगला कुणाचा?' म्हणत त्यानं टेबलावर अशी मूठ आपटली की साहेबांच्या पुढ्यातलं पाणी सांडलं.

संध्याकाळीच जॉबर काठी घेऊन माझ्या दारात! "मास्तर, माझ्या पोराला बोल्शेविक केलंत! साहेबांना काय तोंड दाखवू?" मी घाईघाईनं छापा-काट्याचं सांगितलं. तसाच त्याला घेऊन हेडमास्तरांकडं गेलो, आणि हेडमास्तर ते सांगायला मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेब म्हणे खो खो हसले. "मुलांचा खेळ!" झालं, दिगंबर सुटला.

म्हटलं, चला, निस्तरलं. कसलं निस्तरतंय! रविवारी सकाळी गिरणीच्या फाटकावर साहेबांची माणसं ओरडून सांगत होती, "ऐका हो, तुमच्या पुढाऱ्याचा पोरगाच म्हणतोय, संप करू नका! घरात पोरं उपाशी ठेवून हा टाळ्या घेतो!"

थोड्या वेळानं मल्लय्या माझ्या घरी आला. ओटीवर टेकलासुद्धा नाही.

"मास्तर, पोरगं म्हणतंय, नाणं उडवून बाजू दिली. खरं हाय का?"

"अगदी खरं."

"अय्यो, मग तेवढं सभेत येऊन सांगा की! माझं कोण ऐकंना झालंय. घरात एक, भायेर एक, असं म्हणायलेत. वीस वर्षं त्यांच्यात काढली मी. तुमी शिकलेले, तुमचं ऐकतील."

मी छातीवर हात ठेवला. "येतो! सत्य सांगायला कसली भीती?"

हे वाक्य हेडमास्तरांच्या कानावर कसं गेलं देव जाणे. दुपारी त्यांचं बोलावणं आलं. मला बसवलं, चहा दिला. चहा दिला तेव्हाच मी समजायला हवं होतं.

"जा की सभेला, जरूर जा. फक्त एवढंच सांगा की आमच्या शाळेतली मुलं मनापासून पटतं तेच बोलतात. बाकी काही नको. आणि हो, तुम्हाला कायम करायचं उद्या कमिटीपुढं आहे. साहेबांनी आठवणीनं विचारलं तुमच्याबद्दल."

"पण सर, दिगंबरच्या वेळी तर आपण म्हणालात की छापा-काटा..."

"ते दिगंबरचं झालं."

एकदाच उडवलेला छापा-काटा, जॉबरच्या पोराला खरा आणि विणकराच्या पोराला खोटा! संताप आला हो मला. असा संताप आला की कप खाली ठेवला आणि घरी आलो. एवढाच माझा संताप!

गिरणीमागच्या मैदानात सभा. मल्लय्यानं मला हाताला धरून खोक्यावर चढवलं. "हे नरसय्याचे मास्तर. खरं काय ते हेच सांगतील." बाप आणि लेक, दोघं पुढंच उभे. मागं पानाच्या ठेल्यापाशी हेडमास्तरांचा कारकून पान खात उभा.

आणि मी बोलायला लागलो. काय बोललो! मतस्वातंत्र्य, सदसद्विवेक, नागरिकाचं कर्तव्य. भाषा अशी बहरली की कुणाला एक अक्षर कळेना. शेवटी एक म्हातारा वैतागून ओरडला, "ओ मास्तर, नाणं उडीवलं का न्हाय? व्हय म्हणा, न्हायतर न्हाय म्हणा!"

मी कारकुनाकडं पाहिलं. तो पान चघळायचा थांबला होता.

"आमच्या शाळेतली मुलं," मी म्हटलं, "मनापासून पटतं तेच बोलतात."

मल्लय्यानं फेटा सोडून खांद्यावर टाकला आणि गर्दीतनं वाट काढत निघून गेला. कुणी त्याला थांबवलं नाही. संप तिथंच बारगळला, आणि आठवडा उलटायच्या आत गिरणीनं त्याला घरी बसवलं.

मी मात्र कायम झालो बरं का! वर्गात पेढे वाटले. म्हणजे वाटावे लागले, हेडमास्तर दारात उभे होते.

नरसय्यानं पेढा घेतला आणि तो उभाच राहिला. मला वाटलं, आता तोंडावर फेकतो. फेकला असता तर बरं झालं असतं. पण त्या पोराच्या चेहऱ्यावर राग नव्हता हो! माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी. मी शिकवलेलं सगळं खरं मानणारा.

"सर, सभेत तुमी लई अवघड बाजू मांडली. कुटंच अडखळला नाहीत," तो म्हणाला. "तुम्हाला पण छापा पडला होता का?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. दारात हेडमास्तर.

"हो रे," मी म्हटलं. "छापाच पडला."