दसऱ्याला पुजलेला कॉम्प्युटर

मंडळी, डोकं तापलंय म्हणून लिहितोय.

मोखाड्याजवळच्या आमच्या शाळेतला जुना कॉम्प्युटर दोन वर्षं बंद पडून होता. शनिवारी तो मी जव्हारला घरी आणला. घरात पुतणीचा साखरपुडा, पाहुण्यांनी घर भरलेलं. नागलीच्या भाकऱ्या थापता थापता बायको ओरडली, "अहो, पाहुणे दारात आले आणि तुम्ही काय तो डबा घेऊन बसलात!"

आज सकाळी शेवटी वेळ मिळाला. सीपीयूचं झाकण काढलं, तर आत तांदूळ! हळदकुंकू आणि झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्याही. दर दसऱ्याला आम्ही मास्तरांनी त्याची पूजा केली, अक्षता टाकल्या. त्या जाळीतून आत गेल्या आणि पंखा अडकला. सगळं ब्रशने झाडलं, रॅम खोडरबरने पुसून परत बसवली, बटण दाबलं आणि चालू झाला की!

आनंदाने मुख्याध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "छान झालं सर. आता आणून झाकून ठेवा. पोरांनी हात लावला तर परत बिघडेल."

पोरांनी? अहो, पोरांना हात लावू दिला कधी आपण? बिघडवला तो आपणच, हात जोडून!

उद्या तो वर्गात उघडा ठेवणार. कोणाला काय बोलायचं ते बोला.

तुमच्या शाळेत काय चालतं, वापर की पूजा? खरं सांगा. मीही खरं सांगतो. इतक्या वर्षांत त्यात एकच फाईल सापडली : 'साहेबांचे हार्दिक स्वागत'.

टाईप मीच केली होती.