तिळाएवढा डाग

किसनभाऊ गिऱ्हाइकाच्या आधी वस्तरा पुसत. दाढी झालेली, तोंडाला फेस तसाच, आणि भाऊ पाठ फिरवून पातं कोरडं करण्यात गुंग. एखादा ओरडायचा, "भाऊ, अगुदर मले तं पुसा!" त्यावर उत्तर ठरलेलं, "तू नाही गंजत बाप्पा. थांब जरासा."

मालेगावच्या बाजारगल्लीत त्यांचं एका खुर्चीचं दुकान होतं. बाकीच्या सलूनांत दर दाढीला नवी ब्लेड येऊन जमाना झाला, पण भाऊ वडलांकडून आलेला घडीचा वस्तराच चालवत. प्रत्येक दाढीनंतर तो उकळत्या पाण्यात बुडवायचा, जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसायचा, मुठीच्या सांध्यात अडकलेलं पाणी टिपायचं आणि शेवटी खोबरेलाचं एक बोट. चामड्याच्या पाकिटात त्यांनी तो कधी ठेवला नाही. "चामडं ओल धरते," ते म्हणत, "अन् लोखंड चुगलखोर हाय. तुमी आळस केला का दुसऱ्या दिवशी साऱ्याइले दाखवते." डाग पडलाच तर गोवरीची चाळलेली राख तेलात कालवून ते पात्याच्या लांबीने हळूहळू घासत, धारेवर आडवं कधीच नाही. मग पातं उजेडात धरून मला विचारत, "पाय बरं मास्तर, हाय काई?" मी शाळेत शिकवतो, पण माझं जावळ त्यांनीच काढलेलं, त्यामुळे त्या 'मास्तर'मध्ये आदर कमी आणि चेष्टाच जास्त असे.

दिवाळीच्या सुमारास हे विचारणं वाढलं. एकदा धारेजवळ मला तिळाएवढा तपकिरी डाग दिसला. भाऊही तिथेच बघत होते आणि त्यांना तो दिसत नव्हता. "चकचकीत हाय ना?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणालो. ज्या माणसाचा सगळा तोरा त्या पात्यावर, त्याला डोळे गेल्याचं मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? त्यानंतर खुर्चीत बसलो की माझा जीव टांगणीला लागायचा. पुढे मी घरीच दाढी करू लागलो आणि भाऊंना परीक्षांचं कारण सांगितलं.

होळीनंतर माझ्या मुलीचं जावळ ठरलं. भाऊ स्वतः घरी येऊन सांगून गेले, "तुयं म्या काढलं, तुया पोरीचंबी मीच काढीन." बायको खूश झाली. मला मात्र तो तिळाएवढा डाग आठवला. मुलीची टाळू अजून भरली नव्हती. शेवटी आदल्या दिवशी दुपारी दुकानात गेलो. भाऊ उद्यासाठी राख चाळत बसले होते.

"भाऊ, पात्यावर डाग आहे," मी एका दमात म्हणालो.

त्यांनी वस्तरा उघडून उजेडात धरला. मग अंगठा पात्यावरून अलगद फिरवला, आणि एका जागी तो थांबला. "खड्डा पडला हाय. हा कालचा नाही. कवापासून हाय रे?"

खोटं बोलायला जीभ वळेना. "दिवाळीपासून."

भाऊ चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. "मांगच्या महिन्यात म्हाताऱ्या गोविंदाचा गाल कापला," ते म्हणाले. "तो म्हने, माह्यंच कातडं ढिलं झालं. म्याबी मानलं." त्यांनी वस्तरा मिटला. "म्या हा वस्तरा साऱ्या गावाच्या गळ्यावरून फिरवला, अन् तू पाहून राह्यला होता. तुया लेकराचं डोस्कं आलं, तवाच बोल्ला?"

त्यांनी चाळलेली राख परत डब्यात ओतली.

"उद्या बसस्टँडवरच्या सलूनवाल्याले बोलाव," ते म्हणाले. "नवी ब्लेड लावाले सांगजो." त्यांनी दुकान पुन्हा उघडलं नाही.

जावळाला मात्र भाऊ आले. मुलगी मामाच्या मांडीवर रडत होती, सलूनवाला भराभर हात चालवत होता आणि भाऊ दाराशी उभे राहून कान देऊन ऐकत होते. काम झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "रगत तं नाही ना निंघालं?"

"नाही भाऊ," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं.

भाऊ पुढे आले, मुलीजवळ खाली बसले आणि तिच्या डोक्यावरून स्वतः बोटं फिरवून त्यांनी खात्री करून घेतली.