दहा दांड्या आणि एक बटण

हसायचं असेल तर आताच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. ज्या कानाच्या जोरावर माझं लग्न जमणार होतं, त्याच कानानं भर बारामतीत माझी शोभा केली!

नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामतीत माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन डेक, दोन स्पीकर, एक स्टूल आणि मी. सांगवीची शाळा नववीतच सुटलेली. लाजरा तर इतका, की गिऱ्हाईक 'येतो' म्हणालं तरी मी नुसती मान हलवायचो.

पण माझ्याकडं इक्वलायझर होता! आवाज कमीजास्त करायची पेटी, पुण्याहून जुनी आणलेली. तिला दहा छोट्या दांड्या, वरखाली सरकवायच्या. एक ढोलकी उचलायची, एक गळा पुढं आणायची. आणि वर दिव्यांच्या ओळी, गाणं लागलं की नाचणाऱ्या. माणसं ते दिवे बघायची आणि म्हणायची, "काय क्लिअर आवाज हाय!" आठ महिन्यांत माझं नाव झालं, कानाचा पक्का.

सणसरच्या मामानं त्या नावात आणखी हवा भरली. "आमचा भाचा नुसती ढोलकी ऐकून सांगतो, कातडं बोकडाचं हाय का शेळीचं!" असं तो निरवांगीच्या दामूतात्यांना सांगून आला.

दामूतात्या म्हणजे तिथल्या गायन पार्टीचे मुख्य गायक. विहारात टेपवर गाणी भरून झाली होती. आता भीमजयंतीला वाटायला त्या गाण्यांच्या पन्नास कॅसेट हव्या होत्या.

"कॅसेटचं नुसतं निमित्त हाय," मामा म्हणाला. "पोरगी घेऊन येत्यात. तुलाच बघायला. तात्यांना आवाज पटला, की समज तू पटलास."

आता सांगा, पोरगी बघायला जातात हे ऐकलं होतं. पोरगीच दुकानात आपल्याला बघायला येणार म्हटल्यावर मी काय करायचं? मी दुकान तीनदा झाडलं.

ते आले, सोबत मामाही. तात्या पांढऱ्याशुभ्र शर्टात. त्यांची पोरगी सुजाता बारावी सायन्स झालेली, ती स्टुलावर बसली. ती दिसायला कशी होती म्हणाल, तर मी दिव्यांकडंच बघत होतो. हातांना काहीतरी काम हवं म्हणून दांड्या धरल्या. धरल्या म्हणून सरकवल्या.

कॅसेट सुरू झाली. तात्यांनी डोळे मिटले. "गळा जरा मागं वाटतुय."

मी एक दांडी वर केली. "आता?"

"हां! आला पुढं. पण ढोलकी दबली की."

दुसरी दांडी वर. "आता ऐका, तात्या."

"वा! छातीत वाजाय लागली!"

मामा कशाला मागं राहतोय? "टाळ जरा टोचतुय, न्हाय का?"

तिसरी दांडी खाली. "गेला टोच?"

"गेला की! लोण्यावानी झाला आवाज."

असे दीड-दोन तास गेले. तात्यांनी सांगावं, मी सरकवावं, मामानं मान डोलवावी. काही दांड्या पार छताला टेकल्या, काही तळाला. मलासुद्धा प्रत्येक वेळी फरक ऐकू येत होता. अगदी स्वच्छ! मी तर मनातल्या मनात हळदीलाही उभा राहिलो होतो.

तेवढ्यात सुजाता पहिल्यांदा बोलली.

"मघाशी तुम्ही दांडीला नुसता हात लावला. सरकवलीच नव्हती. तरी तात्या म्हणाले, 'आता बसला आवाज.'"

मामाची डोलती मान थांबली. फक्त तात्या गात होते, कॅसेटमधले.

ती उठली, वाकली. "हे बटण आत का दाबलंय?"

"त्यानं हिरवा दिवा लागतो," मी म्हणालो. तिच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे!

"खाली इंग्रजीत लिहिलंय, डिफीट. म्हणजे पेटी हरली. दिवे नाचतात, पण आवाज पेटीला वळसा घालून सरळ स्पीकरला जात असणार."

"अगं, मला फरक कळतुय ना!" तात्या म्हणाले. "आमी काय बहिरं हाय?"

तिनं बटण बाहेर काढलं.

काय सांगू! दोन तास सरकवलेल्या दहाच्या दहा दांड्या एकदम कामाला लागल्या. ढोलकीनं खिडकीची काच हलली. टाळ पार गायब. आणि गळा? कोणीतरी विहिरीत पडून वर ओरडतंय असा!

तात्या दचकून उठले. "कोण हाय ह्यो?"

"तुमीच, तात्या," मामा हळूच म्हणाला.

सुजातानं बटण परत आत दाबलं. तात्यांनी उपरणं झटकलं आणि निघताना एवढंच म्हणाले, "कॅसेट अशीच भरा. ती पेटी हरल्यालीच बरी."

गेलं! कॅसेटचं काम मिळालं, पोरगी गेली. चार दिवस मी जेवलो न्हाय म्हटलं तरी चालेल. आठ महिने गावाला ज्याची ऐट दाखवली, ते यंत्र पहिल्या दिवसापासून बादच होतं, आणि ते मला, कानाच्या पक्क्याला, कळलं नव्हतं!

पाचव्या दिवशी मामा सायकल मारत आला. "पोरगी व्हय म्हणाली!"

"काय बघून?"

"म्हणाली, त्यांचा कान काय खरा न्हाय. पण दोन तासांत तात्यांना एकदाबी 'तुमाला कळत न्हाय' म्हणाले न्हायत. असा माणूस आमच्या घरात टिकंल."

लग्न झालं. बटण मी बाहेर काढून ठेवलं होतं, दांड्याही नीट मधोमध लावल्या होत्या. तर गिऱ्हाइकं भांडायला लागली, "आवाज बिघडला की राव, पहिल्यासारखा करा!" झक मारत बटण परत आत दाबलं. हिरवा दिवा लागला, लोक खूश.

मग एक दिवस सुजाता दुकानात बसली होती. गाणं सुरू होतं, बटण आतच होतं. माझा हात सवयीनं दांडीवर गेला. जराशी वर केली.

"बघ, गळा कसा पुढं आला!"

तिनं बटणाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. आणि ज्या आवाजात ती तात्यांची समजूत काढते, त्याच आवाजात म्हणाली, "व्हय, आला की."

आणि खोटं कशाला सांगू? मला तो खरंच पुढं आलेला ऐकू आला होता!